बीजाणूंचा बाजार आणि कायद्याची चाचपड

दहा मिलिलिटरची एक सिरिंज. आत निर्जंतुक पाणी, आणि सिरिंज हलवली की पाण्यात फिरणारे काळपट जांभळे कण. सोबतच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच मजकूर असतो: 'फक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी. लागवडीसाठी नाही.' अमेरिकेत हा माल गेली तीसेक वर्षे जाहिरात करून विकला जातो आणि टपालाने घरपोच येतो. घेणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरी सूक्ष्मदर्शक आहे, हे कुणी कुणाला विचारत नाही. सगळा व्यवहार त्या न विचारण्यावरच उभा आहे.

हे कण म्हणजे 'सायलोसायबी क्युबेन्सिस' या अळंबीचे बीजाणू. एका मिलिमीटरच्या लांबीत साठ-सत्तर ओळीने मावतील एवढे लहान. ही अळंबी उष्ण-दमट प्रदेशात गुराढोरांच्या शेणावर उगवते. क्युबात सापडलेल्या नमुन्यांवरून १९०६ साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. पूर्ण वाढलेल्या अळंबीत सायलोसायबिन आणि सायलोसिन ही दोन द्रव्ये असतात. खाल्ल्यावर सायलोसायबिनचे सायलोसिन होते आणि मेंदूवर परिणाम होतो तो त्याचा: भास, रंगांची सरमिसळ, काळाचे भान सुटणे, कधी अपार शांती तर कधी जीवघेणी भीती. बीजाणूत मात्र ही द्रव्ये नसतात असे धरले जाते. असते ती त्यांच्या घडणीची कृती. २०१७ साली जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी या अळंबीतली सायलोसायबिन घडवणारी विकरे आणि त्यांची जनुके ओळखली. ती जनुके बीजाणूतही असतातच, फक्त कामाला लागलेली नसतात.

कायद्याची पंचाईत इथूनच सुरू होते. जगभरचे अमली पदार्थविरोधी कायदे रेणूंच्या याद्यांवर उभे आहेत. अमुक रेणू यादीत आहे, तो तुमच्याकडे सापडला, गुन्हा झाला. बीजाणूंच्या बाजारात विकली जाते ती शक्यता. शक्यतेला वजन नसते आणि रासायनिक चाचणीत ती दिसत नाही. मग गुन्हा नेमका कुठल्या पायरीवर सुरू होतो? वेगवेगळ्या देशांनी याची जी उत्तरे दिली ती एकमेकांशी जुळत नाहीत, आणि कित्येकदा एका देशातलीही आपसांत जुळत नाहीत. मला त्यात एक समान धागा दिसतो. रेणू मोजतो म्हणणारा प्रत्येक कायदा बीजाणूपाशी आला की माणसाचे मन वाचू लागतो. काही देश हे उघडपणे करतात, बाकीचे आडून.

मुळाशी आहे १९७१चा मनोप्रभावी पदार्थांविषयीचा व्हिएन्ना करार. त्याच्या पहिल्या, सर्वात कडक अनुसूचीत सायलोसायबिन आणि सायलोसिन आहेत. अळंबीचे नाव तिथे कुठेही नाही. हे नजरचुकीने राहिलेले नाही. काही जमातींच्या पूजाविधींत अशा रानवनस्पती वापरल्या जातात हे करार करणाऱ्यांना माहीत होते. म्हणून ज्या देशांत त्या उगवतात त्यांना कलम ३२ मध्ये हरकत नोंदवून बाजूला राहण्याची सोय ठेवली, आणि मेक्सिकोने ती वापरली. करारावरच्या अधिकृत भाष्यातही रेणूवर नियंत्रण म्हणजे वनस्पतीवर नियंत्रण नव्हे असाच अर्थ लावलेला आहे. २००१ साली नेदरलँड्सने विचारणा केली, तेव्हा आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळाच्या सचिवालयानेही लेखी कळवले की ही द्रव्ये असलेली कुठलीही वनस्पती करारान्वये नियंत्रित नाही. जिथे अख्खी अळंबीच यादीबाहेर, तिथे बीजाणू कोण विचारतो? प्रत्येक देशाने आपापले बघावे, एवढाच याचा अर्थ.

बीजाणूंची देवघेव या करारापेक्षा जुनी आहे. १९५५च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेतला अधिकारी गॉर्डन वॉसन मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात, उआउत्ला गावी, मारिया साबिना या माझातेक वैदूबाईच्या रात्रीच्या विधीला बसला. १९५७ साली 'लाइफ' साप्ताहिकात त्याचा लेख आला आणि गावात परदेशी हौशी लोकांची रीघ लागली. मारिया साबिनाला त्याची किंमत मोजावी लागली, तिचे घर जाळले गेले. तिकडे फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे एम यांनी पॅरिसच्या प्रयोगशाळेत तिथून आलेल्या बीजाणूंपासून तिथली अळंबी वाढवली. त्या मालातून १९५८ साली स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी सायलोसायबिन वेगळे काढले. डोंगरातल्या विधीतली वस्तू तीन-चार वर्षांत बाटलीतले रसायन झाली. त्या मधल्या प्रवासाबद्दल माझातेक लोकांना कुणी काही विचारले नाही.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात, म्हणजे १९७०च्या नियंत्रित पदार्थ कायद्यात, पहिल्या अनुसूचीत पुन्हा तेच दोन रेणू आहेत. बीजाणू नाहीत. त्यामुळे विक्रेते वर्षानुवर्षे म्हणत आले की आमचा माल कायदेशीर आहे. सरकारने त्यावर फारसे काही लेखी म्हटले नव्हते. ते म्हटले गेले २०२४च्या जानेवारीत. एका वकिलाच्या प्रश्नाला उत्तर देताना अमली पदार्थ अंमलबजावणी प्रशासनाने, म्हणजे डीईएने, कळवले की बीजाणूंत सायलोसायबिन, सायलोसिन किंवा दुसरे कुठलेही नियंत्रित द्रव्य नसेल तर ते केंद्रीय कायद्याखाली नियंत्रित नाहीत, पण पुढे कधीही, उदाहरणार्थ अंकुरण झाल्यावर, त्या मालात ते द्रव्य आले तर तो माल नियंत्रित ठरेल.

विक्रेत्यांनी हे पत्र विजयपताकेसारखे मिरवले. पत्र नीट वाचले तर एवढा आनंद होण्यासारखे त्यात काही नाही. एक तर ते 'असेल तर' आणि 'नसेल तर' यांवर तोललेले आहे. बीजाणू गोळा करायची रूढ रीत अशी: अळंबीची छत्री कापून पातळ अॅल्युमिनियमच्या कागदावर उपडी ठेवायची, पाकळ्यांमधून बीजाणू खाली पडतात आणि कागदावर जांभळट चक्र उमटते. त्या चक्रात अळंबीच्या मांसाचा कण राहिला तर? प्रयोगशाळेत त्या कणाची चाचणी झाली, तर 'नसेल तर'चे 'असेल तर' व्हायला वेळ लागत नाही. दुसरे असे की खात्याचे पत्र म्हणजे कायदा नव्हे. न्यायालय त्याला बांधील नाही आणि खातेही उद्या मत बदलू शकते.

त्याहून मोठी अडचण मालाच्या जन्मातच आहे. बीजाणू येतात फक्त पूर्ण वाढलेल्या अळंबीतून. म्हणजे कायदेशीर म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सिरिंजच्या मागे कुणीतरी, कुठेतरी, बेकायदेशीर अळंबी वाढवलेली असते. विकला जाणारा माल निर्दोष, पण तो तयार करायला गुन्ह्यातून जावेच लागते. दुसऱ्या कुठल्या धंद्यात ही गंमत इतकी चोख सापडेल असे वाटत नाही. ती कुणाच्या अंगलट येऊ शकते हेही दिसून गेले आहे. नव्वदच्या दशकात सिएटलमधून 'सायलोसायबी फॅनॅटिकस' या नावाने टपालाने सिरिंज विकणारा एक माणूस होता. घरगुती लागवडीची त्याची पद्धत अमेरिकाभर पसरली, मासिकांत त्याच्या जाहिराती येत. २००३ साली त्याच्या घरावर छापा पडला आणि पुढे त्याने गुन्हा कबूल केला. बीजाणू विकणे गुन्हा नसला तरी बीजाणू मिळवायला अळंबी लागते, आणि सोबत लागवडीची माहिती विकली की 'फक्त सूक्ष्मदर्शकासाठी' या चिठ्ठीला फारसा अर्थ उरत नाही.

गांजाच्या बियांनी हाच रस्ता थोडा आधी तुडवला आहे. २०१८च्या कृषी कायद्याने कमी मादकतेचे भांग-ताग, म्हणजे हेम्प, मोकळे केले. २०२२ साली डीईएने एका पत्रात म्हटले की बियांमध्ये मादक द्रव्य ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर त्या बियाही हेम्पच, मग त्यांतून पुढे कसलेही झाड येवो. त्यावर बियांचा बाजार भरभरून वाहू लागला. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये काँग्रेसने व्याख्याच बदलली: ज्या झाडात मर्यादेपेक्षा जास्त मादक द्रव्य आहे त्या झाडाच्या रुजणाऱ्या बिया हेम्प नाहीत. अंमल वर्षभराने. म्हणजे बी काय आहे हे तिच्या आईबापांवरून ठरवायचे. हेच सूत्र उद्या बीजाणूंना लावले तर २०२४च्या पत्राला रद्दीची किंमत राहील.

राज्यांच्या पातळीवर चित्र आणखी विस्कटलेले आहे. कॅलिफोर्निया, जॉर्जिया आणि आयडाहो यांनी बीजाणूंना आपापल्या कायद्यात नावाने धरले. तिथल्या विक्रीवर बंदी म्हणून विक्रेत्यांच्या जाहिरातीत शेवटी एक ओळ असे: या तीन राज्यांत माल पाठवत नाही. २०२५ साली त्या ओळीत फ्लोरिडाची भर पडली.

फ्लोरिडाची कथा जरा थांबून पाहावी अशी आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या गुरांच्या कुरणांत ही अळंबी पावसानंतर उगवे आणि तरुण पोरे पिशव्या घेऊन ती वेचत. अशाच एका वेचणाऱ्याचा खटला १९७८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. कायद्यात सायलोसायबिन लिहिलेले होते, अळंबी नव्हती. न्यायालय म्हणाले, रानात आपोआप उगवणारी ही बुरशी म्हणजे बंदी असलेल्या रसायनाचे भांडे आहे याची सूचना सामान्य बुद्धीच्या माणसाला या कायद्यातून मिळत नाही. अळंबीवर बंदी घालायची असेल तर विधिमंडळाने तसे स्पष्ट लिहावे. शिक्षा रद्द झाली. जे लिहायला सांगितले होते ते लिहिले गेले ४७ वर्षांनी, आणि तेही बीजाणूंपर्यंत जाऊन. शेतीविषयक तरतुदींच्या एका जाडजूड विधेयकात एक कलम घालण्यात आले: ज्यांतून सायलोसायबिनयुक्त अळंबी उगवू शकते असे बीजाणू किंवा कवकतंतू विकणे, आणणे, नेणे, फुकट देणे, सगळे गुन्हा. १ जुलै २०२५पासून अंमल, एक वर्षापर्यंत कैद. हे कलम मला आवडत नाही, पण १९७८च्या न्यायालयाने मागितलेली एक गोष्ट त्यात आहे: वाचणाऱ्याला कळते.

कॅलिफोर्नियाबद्दल तसे म्हणता येत नाही. तिथे बीजाणूंची विक्री गुन्हा आहे, अधिकृत मंजुरी घेतलेल्या संशोधनाचा अपवाद वगळता. दुसरीकडे ओकलंड शहराने २०१९ साली ठराव केला की प्रौढांनी अशा नैसर्गिक वस्तू वापरल्या तर त्यांच्यावर कारवाई हे शहर पोलिसांचे सर्वात शेवटचे काम राहील. म्हणजे त्या शहरात अळंबी खाणाऱ्याकडे पोलीस काणाडोळा करणार, पण राज्याच्या कायद्यात तिचा बीजाणू देणारा आरोपी. ही विसंगती काढून टाकणारे एक विधेयक विधिमंडळाने मंजूरही केले होते. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ते सहीविना परत पाठवले.

न्यू मेक्सिकोत २००५ साली अपील न्यायालयाने आणखी वेगळा सूर लावला: घरी अळंबी उगवणे म्हणजे नियंत्रित द्रव्याचे 'उत्पादन' नव्हे, कारण ते द्रव्य अळंबी स्वतः बनवते, माणूस नाही. ओरेगनने २०२०च्या आणि कोलोरॅडोने २०२२च्या जनमताने परवानाधारक केंद्रांत सायलोसायबिन देण्याची सोय केली. ओरेगनच्या नियमांत परवानाधारक उत्पादकांना फक्त क्युबेन्सिस हीच जात वाढवायची मुभा आहे. केंद्रीय कायद्यात ती अळंबी अजून गुन्हाच असल्याने परवानाधारक अळंबी राज्याची सीमा ओलांडू शकत नाही, आणि तिचा बीजाणू मात्र डीईएच्याच पत्रानुसार ओलांडू शकतो.

या गुंत्याचा खरा चटका बसतो तो नागरिक नसलेल्यांना. कॅलिफोर्नियाच्या खाडी परिसरात किंवा जॉर्जियातल्या अटलांटात एच-वन-बी व्हिसावर काम करणारी किंवा तिथे शिकणारी मराठी मुले हजारोंनी आहेत. त्यांच्या दृष्टीने प्रश्न फक्त दंडाचा नाही. 'नियंत्रित पदार्थाशी संबंधित' कुठल्याही कायद्याखाली दोषी ठरणे अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात व्हिसा आणि ग्रीन कार्डच्या मुळावर येऊ शकते. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका ट्युनिशियन माणसाची हद्दपारी रोखली. त्याने मोज्यात चार गोळ्या लपवल्या होत्या आणि शिक्षा झाली होती ती 'मादक द्रव्याचे साधन' बाळगल्याची. साधन म्हणजे तो मोजा. न्यायालय म्हणाले, केंद्राच्या यादीतल्या द्रव्याशी संबंध सिद्ध झाल्याशिवाय हद्दपारी नाही. बीजाणूंच्या बाबतीत ही ढाल कमकुवत आहे, कारण सायलोसायबिन केंद्राच्या यादीत आहेच. शेजारच्या अमेरिकन मित्राला जे साध्या गुन्ह्यात आणि थोड्या दंडात निभावेल, तेच या मुलाचे दहा वर्षांचे बस्तान उठवू शकते. आणि सिरिंजवरच्या चिठ्ठीवर यातले काही लिहिलेले नसते.

युरोपात जास्त रेंगाळायला नको. ब्रिटनमध्ये २००५पर्यंत ताजी अळंबी लंडनच्या कॅम्डन बाजारात भाजीसारखी विकली जाई, कारण कायदा फक्त 'तयार केलेल्या' मालाला, म्हणजे वाळवलेल्या किंवा कुटलेल्याला, धरत होता. जुलै २००५मध्ये सायलोसिन असलेली बुरशी सरसकट सर्वात वरच्या वर्गात गेली. बीजाणूत सायलोसिन नसल्याने ते बाहेर राहिले. मात्र गुन्ह्याला चिथावणी देणे हाही तिथे गुन्हा असल्याने विक्रेत्याने लागवडीबद्दल तोंड उघडले की तो अडकू शकतो. गांजा लागवडीचे पुस्तक लिहिणाऱ्याला नव्वदच्या दशकात याच मुद्द्यावर शिक्षा झाली होती. नेदरलँड्सने एका फ्रेंच मुलीच्या मृत्यूनंतर, १ डिसेंबर २००८पासून, अळंबीच्या जातींची लांबलचक यादी करून त्यांवर बंदी घातली. पण जमिनीखाली तयार होणाऱ्या अळंबीच्या गाठी, तोच रेणू असूनही, यादीत घातल्या नाहीत. आजही अॅमस्टरडॅमच्या दुकानांत त्या आणि बीजाणूही राजरोस मिळतात. याला धोरण म्हणायचे की सरकारने स्वतःसाठी ठेवलेली पळवाट, हे डच लोकच जाणोत.

जर्मनी मात्र वेगळा. तिथल्या कायद्याने बिया, बीजाणू, कवकतंतू, पेशीसंवर्धने अशी सगळी नावे घेतली आणि पुढे अट जोडली: नशेसाठी वापरण्याचा हेतू असेल तर. म्हणजे वस्तूवर बंदी नाही, वस्तू आणि हेतू मिळून बंदी. मला ही मांडणी सर्वात प्रामाणिक वाटते. अमेरिकेत चिठ्ठीवरच्या ओळीने जे लपवले जाते, ते जर्मनीने कायद्याच्याच ओळीत उघड लिहिले. हेतू सिद्ध करणे अवघड असते हे खरे, पण तो सिद्ध करायचा बोजा निदान कुणावर आहे हे ठाऊक असते.

आता आपल्याकडे येऊ. बीजाणू आणि कायदा यांचे नाते समजून घ्यायला मराठी माणसाला सिएटलला जायची गरज नाही, दिवाळीचा डबा पुरे. अनारशावर लावतो ती खसखस अफूच्या झाडाचीच बी. आपला १९८५चा अमली पदार्थ कायदा, म्हणजे एनडीपीएस, अफूच्या झाडाचे बोंड-देठ धरतो आणि बी सोडतो. गांजाच्या व्याख्येतही शेंडे नसतील तर बिया आणि पाने वगळलेली आहेत, म्हणून भांगेला जागा उरते. पण तीच खसखस संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर यांच्या मनाई असलेल्या वस्तूंत मोडते. मुलाकडे दुबईला निघालेल्या आजीला पिशवीतून मसाल्याची पुडी काढून ठेवायला सांगतात ते याचमुळे. बी निरपराध की गुन्हेगार हे बीवर नाही, विमान कुठे उतरते यावर ठरते.

एनडीपीएसच्या मनोप्रभावी पदार्थांच्या अनुसूचीत सायलोसिन आणि सायलोसायबिन आहेत, अळंबी नाही, बीजाणू तर नाहीतच. खसखशीला व्याख्येतून मुद्दाम वगळले. बीजाणूंना ना घेतले ना वगळले. लागवडीची बंदीही नावे घेऊन आहे: कोका, अफू, गांजा. मग अळंबी वाढवणारा कुठे बसतो? इथे 'निर्मिती'ची व्याख्या पुढे येते. ज्या कुठल्या प्रक्रियेने ते द्रव्य मिळू शकते त्या सगळ्या प्रक्रिया तिच्यात मोडतात, इतकी ती रुंद आहे. न्यू मेक्सिकोच्या न्यायालयाने जे दार बंद केले, ते आपल्या कायद्यात या व्याख्येने सताड उघडे राहते.

अख्ख्या अळंबीबद्दलच आपल्या न्यायालयांत घोळ मिटलेला नाही. कोडाईकॅनालमध्ये पर्यटकांना ही अळंबी विकणाऱ्यांवर पोलीस वर्षानुवर्षे छापे घालत आले, पण वजन कशाचे धरायचे, अळंबीचे की आतल्या द्रव्याचे? सायलोसायबिनसाठी ५० ग्रॅम ही व्यापारी मात्रा. तिच्यावर गेले की किमान दहा वर्षे कैद आणि जामीन जवळजवळ अशक्य. २०२०च्या हिरा सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मादक द्रव्य निरुपद्रवी पदार्थात मिसळलेले असेल तर सगळ्या मिश्रणाचे वजन मोजायचे. हा नियम अळंबीला लावला तर मूठभर वाळलेली अळंबीही व्यापारी मात्रा. २०२५च्या जानेवारीत केरळ उच्च न्यायालयासमोर असेच प्रकरण आले: २२६ ग्रॅम अळंबी आणि ५० ग्रॅम अळंबीच्या कॅप्सूल. न्यायालयाने जामीन देताना म्हटले की अळंबी हे मिश्रण नव्हे, ती निसर्गात उगवणारी बुरशी आहे, हिरा सिंगचा नियम तिला लागत नाही. अळंबीच्या वजनात साधारण टक्काभर द्रव्य धरले, तर २७६ ग्रॅममध्ये पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरते. दहा वर्षांची कैद आणि जामीन यांच्यामध्ये एवढाच गणिताचा फरक होता. जामिनाचा आदेश म्हणजे अंतिम निकाल नव्हे, आणि दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयावर तो बंधनकारकही नाही.

बीजाणूंवर हे गणित चालतच नाही. समजा, पुण्यात कुणाच्या टपालात सिरिंज सापडली. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आला की द्रव्य आढळले नाही. बाळगल्याचा गुन्हा तिथेच पडला. तपास अधिकारी मग प्रयत्नाच्या किंवा कटाच्या कलमाकडे वळेल. तयारीचेही एक कलम आहे, पण ते बहुतांशी व्यापारी मात्रेच्या गुन्ह्यांसाठी. सिरिंजमधून पुढे किती ग्रॅम द्रव्य झाले असते हे कोण आणि कसे मोजणार? प्रयत्न म्हणावा तर सिरिंज मागवणे हा प्रयत्न की त्याआधीची पायरी, हा फौजदारी कायद्यातला जुनाच वाद. सोबत काय सापडले यावर मग सगळे ठरेल: तांदळाच्या पिठाच्या बरण्या आणि प्रेशर कुकर, म्हणजे लागवडीचे साहित्य, की सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्या. त्यातही एनडीपीएसच्या कलम ३५ मध्ये आरोपीच्या मनात दोषी हेतू होता असे न्यायालयाने धरून चालायचे आहे. नव्हता हे सिद्ध करायचे आरोपीने, तेही वाजवी संशयापलीकडे. 'फक्त सूक्ष्मदर्शकासाठी' ही ओळ अमेरिकेत सरकारी वकिलाची अडचण करते. इथे ती आरोपीच्या गळ्यात येते, कारण ती खरी होती हे त्यालाच दाखवावे लागेल.

परदेशातून मागवलेल्या पाकिटाला आणखी एक कायदा लागतो. जिवंत बुरशीची संवर्धने देशात आणायला वनस्पती संगरोध आदेशाखाली परवानगी लागते, मग ती बुरशी नशेची असो की पानांवरच्या रोगाची. कवकशास्त्राच्या प्रामाणिक विद्यार्थ्याला यात रस्ता आहे. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह आहे, हिमाचलात सोलनला अळंबी संशोधन संचालनालय आहे. संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज करता येतो. हौशी माणसाला, ज्याच्याकडे खरोखरच फक्त सूक्ष्मदर्शक आणि कुतूहल आहे त्याला, असा रस्ता नाही. ढिंगरी अळंबीचे स्पॉन, म्हणजे बियाणे, घ्यायला गेलेल्या शेतकऱ्याला कुणी हेतू विचारत नाही, हे त्याचे नशीब.

परदेशी विक्रेत्यांच्या यादीत 'गोल्डन टीचर' किंवा 'माझातापेक' अशा नावांच्या शेजारी 'ओरिसा इंडिया' आणि 'मलबार' अशीही वाणे असतात. ओरिसाचे वाण हत्तीच्या लिदीवर उगवलेल्या अळंबीपासून आले, असे जाहिरातीत सांगतात. भारताच्या २००२च्या जैवविविधता कायद्यात सूक्ष्मजीव आणि बुरशीही येतात. परदेशी माणसाने इथला नमुना न्यायचा तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी हवी, आणि त्यातून कमावले तर लाभात वाटा. पॅरिसला गेलेल्या माझातेक अळंबीच्या वेळी असा कायदा नव्हता, आज आहे. पण 'ओरिसा'च्या पाकिटावर ओडिशाचा वाटा मागायचा तर आधी ती अळंबी कुणी, कधी आणि कुठल्या जंगलातून नेली हे सिद्ध करावे लागेल. कायदा अमलात येण्याआधी नेली असेल तर तो लागूच नाही. नंतर नेली असेल, तर पुढे येऊन ते सांगणारा माणूस विनापरवाना नमुना नेल्याची कबुली देईलच, शिवाय एनडीपीएसच्या यादीतले द्रव्य असलेली अळंबी भारतात बाळगल्याचीही.